कार्ड सासूबाईंचं, विड्या सुनेच्या

नववीतली एक मुलगी विडी कामगारांच्या मुलांसाठी असलेल्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसली आणि एका अटीवर अडली. आई किंवा वडील विडी कामगार हवेत, आणि त्यांचं किमान सहा महिन्यांचं काम झालेलं हवं. तिची आई लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून, म्हणजे १७ वर्षं, रोज विड्या वळते. विडी कामगाराचं कार्ड मात्र आजीच्या नावावर आहे, आणि आजीच्या कार्डावर नातीला शिष्यवृत्ती मिळत नाही. कागदोपत्री ही मुलगी विडी कामगाराची मुलगीच नव्हती.

आमच्या समुपदेशन केंद्राकडे हे घर आलं ते या अर्जामुळे. मारहाण नाही, हुंड्याचा तगादा नाही, दारू नाही. अशी प्रकरणं आमच्या रजिस्टरात सहसा येतच नाहीत, कारण तक्रार कुणाविरुद्ध लिहायची तेच ठरत नाही. तरीही सोलापुरातल्या बायकांच्या वाट्याला रोज काय येतं हे समजून घ्यायला मला हे प्रकरण फार मोलाचं वाटतं. ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत आणि काही तपशील बदलले आहेत.

घर आणि घरातली माणसं

हे कुटुंब सोलापूरजवळच्या कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत राहतं. कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली झालेल्या दीर्घ लढ्यातून विडी कामगार बायकांसाठी इथे १०,००० घरं उभी राहिली. २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचं हस्तांतरण झालं. सासूबाईंना घर मिळालं ते त्यांच्याकडे विडीचं कार्ड होतं म्हणून. दुसऱ्या वर्षी सून भिवंडीहून लग्न होऊन आली.

घरात तेलुगू बोलतात, बाहेर मराठी. हे घर आमच्याकडे आलं तेव्हा सासूबाई ५६ वर्षांच्या होत्या, सून ३६ ची. सासरे यंत्रमागावर होते. माग बंद पडले, मग तब्येत गेली, आणि तीन वर्षांपूर्वी ते वारले. नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात १२ तासांच्या पाळीत आहे. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत.

सून आली तेव्हा तिला विडी येत नव्हती. भिवंडीत माहेरी तिने यंत्रमागाच्या सुताच्या कांड्या भरल्या होत्या. सासूबाईंनी तिला समोर बसवून शिकवलं, आणि वर्षाच्या आत ती त्यांच्यापेक्षा जलद वळू लागली. आदल्या संध्याकाळी पानं भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळायची. सकाळी पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीने कापायची. मग मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. पानावर चिमूटभर तंबाखू पसरली की दोन्ही हातांची बोटं ते पान तिरकं गुंडाळत नेतात, वरचं तोंड नखाने मुडपलं जातं आणि दोऱ्याचे वेढे बसतात. बघताना हे सगळं एकच हालचाल वाटते. पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधून दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रँचवर, म्हणजे विडी कारखान्याच्या माल देण्या-घेण्याच्या केंद्रावर न्यायच्या. तिथे मुनीम तपासणार, काही विड्या छाट म्हणून बाजूला काढणार, उरलेल्या कार्डावर चढवणार आणि पुढच्या दिवसाचं पान-तंबाखू देणार. ब्रँचवर सासूबाई जात. कार्ड त्यांचं, सही त्यांची.

कार्डाला इतकं महत्त्व का

बाहेरच्या वाचकाला वाटेल, विड्या घरच्या, पैसे घरचे, कार्डाचं काय एवढं? पण घरी बसून विडी वळणारी बाई 'कामगार' ठरते ती या कार्डामुळेच, आणि तो दर्जा सहज मिळालेला नाही. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने मालकाकडून कच्चा माल घेऊन घरी काम करणाऱ्यांनाही कामगार मानलं. त्याविरुद्ध मालक न्यायालयात गेले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. १९७७ पासून या धंद्याला भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ, लागू झाला. तो घरखात्यावरच्या, म्हणजे घरी विड्या वळणाऱ्या कामगारांनाही द्यावा लागेल हे सर्वोच्च न्यायालयातूनच १९८५ साली पक्कं झालं. (हा १९६६ चा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहितांमध्ये विलीन झाला आहे, या प्रकरणातली पावलं त्याआधीची आहेत.)

म्हणजे घरातली बाई कामगार आहे हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. पण एका घरात दोन बाया वळत असतील तर कार्ड बहुतेक वेळा एकच असतं, आणि दुसरी बाई कायद्याला दिसत नाही. तिचा पीएफ नाही, पेन्शन नाही, रजेचे पैसे नाहीत, बोनस नाही. आजारी पडली तर ती 'घरीच असते' एवढीच तिची नोंद.

एक नियम तर मला फार लागला. पीएफच्या नियमांत नामनिर्देशनासाठी 'कुटुंब' कुणाला म्हणायचं याची व्याख्या आहे. बाई सभासद असेल तर तिचा नवरा, मुलं, तिचे आणि नवऱ्याचे अवलंबून असलेले आईवडील त्यात येतात, आणि वारलेल्या मुलाची विधवा येते. मुलगा जिवंत असेल तर सून येत नाही. सासूबाईंच्या खात्याला नॉमिनी होते त्यांचे दोन मुलगे आणि लग्न झालेली मुलगी. थोरल्या सुनेने वळलेल्या विड्यांचा पीएफ उद्या या तिघांत वाटला गेला असता, आणि त्यात बेकायदेशीर काही नव्हतं. सुनेला त्या व्याख्येत जागा मिळते ती नवरा गेल्यावर.

वही

कोण किती वळतं हे घरात कुणी कधी मोजलं नव्हतं. सासूबाई म्हणत, "दोघी मिळून करतो." सून काहीच म्हणत नव्हती. मी मुलीला एक दोनशे पानी वही दिली आणि महिनाभर रोज तीन गोष्टी लिहायला सांगितल्या: कुणी किती विड्या वळल्या, घरातलं कुठलं काम कुणी केलं, आणि त्या दिवशी वेगळं काय झालं. ती वही या प्रकरणाचा कणा ठरली. एका मंगळवारची नोंद अशी आहे (नानम्मा म्हणजे आजी):

"नानम्मा १८०. अम्मा ५९०. मी तोंडं मुडपली ३००. आज पाणी आलं म्हणून कमी. अम्मा ४ ला उठली. पप्पा डबा घेऊन गेले. रात्री आले, जेवले, झोपले."

'आज पाणी आलं म्हणून कमी' ही ओळ बाहेरगावच्या माणसाला कळणार नाही. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. उजनी काठोकाठ भरलं तरी आमच्या नळाला त्याची खबर नसते. पाण्याच्या दिवशी पिंप, घागरी, हंडे, कळशा, बादल्या, जे असेल ते भरायचं, साठलेले कपडे धुवायचे, मोरी घासायची. हे सगळं सून करते. त्यामुळे त्या दिवशी तिच्या विड्या दीडशे-दोनशेने कमी भरतात. पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकातून बाईच्या मजुरीत झालेली ही कपात कुठल्याही हिशेबात धरली जात नाही.

महिन्याअखेरीस मुलीने बेरीज केली. दर १,००० विड्यांमागे साधारण ७५० सुनेच्या होत्या. घरकामाच्या रकान्यात नवऱ्याच्या नावापुढे महिन्यातून तीनदा काहीतरी लिहिलेलं होतं: दोनदा गॅसचं सिलिंडर, एकदा रेशन. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावर रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटं आणि पुरुषांचा ९७ मिनिटं निघाला होता. या घरात ९७ ही फारच उदार संख्या ठरली असती.

वही वाचताना मला सर्वांत जास्त खटकल्या त्या मुलीच्या स्वतःच्या नोंदी. शाळेतून आल्यावर रोज दोनशे-तीनशे तोंडं. परीक्षेच्या आठवड्यातही. तिला ते काम वाटतच नव्हतं. "टीव्ही बघत बघत होतं ते," असं ती म्हणाली. आई पण आधी असंच म्हणायची, हे तिला माहीत नव्हतं.

"पैसे घरातच येतात की"

नवऱ्याशी बोलायला रविवार गाठावा लागला. माणूस वाईट नाही. बायकोवर हात उचलत नाही, पगार घरात देतो. त्याचं म्हणणं एवढंच होतं, "कार्ड कुणाच्या का नावावर असेना, काय फरक पडतो वो मॅडम? पैसे घरातच येतात की."

मी त्याला विचारलं, तुमचा पीएफ कापतात का? त्याने लगेच मोबाइल काढून पासबुक दाखवलं. गेल्या वर्षी दोन महिन्यांचा भरणा झाला नव्हता, तर हा कारखान्यात जाऊन भांडून आला होता. मी विचारलं, तुमचा पीएफ भावाच्या नावाने जमा झाला तर चालेल का, पैसे घरातच येतील? तो गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "तसं कसं? मी राबतो तिथं."

हे वाक्य त्याच्या तोंडून आलं याचं मला समाधान वाटलं. बायकोही राबते हे त्याला ठाऊक होतं. फक्त त्या राबण्याला स्वतःचं खातं असतं, हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. समानतेबद्दल आपण जे बोलतो त्याची मोठी अडचण मला इथेच दिसते. दुष्टपणाशी लढता येतं. 'घरचंच तर आहे' या समजुतीशी लढताना समोर कुणी शत्रूच नसतो.

सासूबाईंची बाजू

आमच्या केंद्रातल्या एका सहकारी ताईंचं पहिलं मत होतं की सासू सुनेची कमाई खाते. मला ते पटलं नाही. सासूबाईंशी सावकाश बोलल्यावर कळलं की त्या १७ व्या वर्षी लग्न होऊन आल्या आणि पुढची १४ वर्षं त्यांच्या सासूच्या कार्डावर वळत राहिल्या. सासू गेल्यावर, वयाच्या ३१ व्या वर्षी, त्यांच्या नावाचं कार्ड झालं. त्या कार्डावर त्यांना घर मिळालं. बँकेत खातं निघालं. दवाखान्याचा कागद निघाला. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्यातरी कागदावर नवऱ्याच्या आधी त्यांचं नाव आलं. ते कार्ड त्या लोखंडी पेटीत, मार्कंडेयाच्या फोटोखाली ठेवतात. सुनेला कार्ड द्यायचं म्हणजे आपलं जाणार, कार्ड गेलं की घर जाणार, अशी त्यांची पक्की समजूत होती.

ती अर्धी चूक होती. घर त्यांच्या नावावर झालेलं होतं, त्याला धोका नव्हता. सुनेचं कार्ड वेगळं निघतं, त्यांचं रद्द करावं लागत नाही. पण पेन्शनबद्दलची त्यांची भीती खरी निघाली, आणि ते लपवून पुढे जाणं योग्य नव्हतं.

पेन्शनचं सूत्र असं: शेवटच्या ६० महिन्यांचं सरासरी वेतन गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. सासूबाई ५८ पूर्ण करतील तेव्हा त्यांची सेवा २७ वर्षं होणार होती; वीस वर्षांपुढच्या सेवेला नियमाने आणखी दोन वर्षं धरतात, म्हणजे २९. वेतन महिना ५,६०० रुपये धरलं तर ढोबळमानाने २,३२० रुपये पेन्शन बसते. उरलेली दोन वर्षं निम्म्या विड्या सुनेच्या कार्डावर गेल्या तर सरासरी घसरून पेन्शन १,८६० च्या आसपास येते. ज्या बाईला नवरा नाही आणि दुसरं उत्पन्न नाही, तिच्या दृष्टीने महिन्याला ४६० रुपये ही थट्टेची रक्कम नाही. सुनेचा हक्क सासूच्या म्हातारपणातून कापून द्यायचा, आणि दोन्ही पुरुषांना, म्हणजे मुलाला आणि विडी कारखान्याच्या मालकाला, काहीच तोशीस नाही, असला न्याय मला मान्य नव्हता.

वाट सापडली ती त्याच नियमांत. पेन्शनला पात्र व्हायला किमान १० वर्षांची सेवा लागते, आणि त्यात वर्षं मोजतात, विड्या नाहीत. सुनेच्या कार्डावर थोड्या विड्या चढल्या तरी तिची वर्षं सुरू होतात. म्हणून ठरलं असं: सासूबाई ५८ च्या होईपर्यंत त्यांच्या कार्डावर रोज ७००, सुनेच्या ३००. त्यानंतर सगळं काम सुनेच्या कार्डावर. ७००-३०० ने सासूबाईंचं पेन्शनमध्ये होणारं नुकसान महिना २८० रुपयांवर येतं. तेवढं मुलाने भरून काढायचं: आत्तापासूनच दर महिन्याला ३०० रुपये आईच्या पोस्टाच्या खात्यात. हा शेवटचा मुद्दा सासूबाईंनी स्वतः मांडला. मुलगा कबूल झाला, आणि मी विचारते तेव्हा पासबुक दाखवतो.

ब्रँच, आणि न उमटणारा अंगठा

घरात एकमत होणं त्या मानाने सोपं गेलं. ब्रँचवर उत्तर मिळालं, "नवीन कार्ड बंद आहेत." त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. नवं कार्ड म्हणजे मालकावर नव्या माणसाच्या पीएफची, बोनसची, ग्रॅच्युइटीची जबाबदारी. तितक्याच विड्या जुन्या कार्डावर येत असतील तर तो ती कशाला घेईल? कार्ड एकच ठेवण्यात सासूचा फायदा थोडा आणि मालकाचा पुष्कळ आहे, हे या धंद्याबद्दल बोलताना कुणी म्हणत नाही.

आम्ही लेखी अर्ज दिला, पोच घेतली, संघटनेच्या कार्यकर्त्यांना बरोबर घेतलं आणि अर्जाची प्रत कामगार आयुक्तालयाच्या सोलापूर कार्यालयात दिली. सोबत मुलीच्या वहीच्या झेरॉक्स होत्या. वही हा काही कायदेशीर पुरावा नव्हे. पण तारीखवार आकडे ब्रँचच्या नोंदींशी ताडून पाहिले तर दिवसाची बेरीज जुळत होती, आणि एकट्या ५६ वर्षांच्या बाईने रोज हजार विड्या वळल्या हे म्हणणं अवघड झालं. दोन-तीन फेऱ्यांनंतर ब्रँचने एक अट घातली, ३०० च्या खाली कार्ड होणार नाही. ती आमच्या हिशेबात बसत होती.

मग आधार आडवा आला. पीएफचा नंबर काढायला आधारची पडताळणी हवी, आणि सुनेच्या दहापैकी एकाही बोटाचा ठसा यंत्राला घेता येईना. सतत पान आणि दोरा फिरवून विडी कामगार बायकांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. मी तिचा उजवा अंगठा हातात घेऊन पाहिला: कातडी गुळगुळीत, चकचकीत, नखाच्या कडेला तंबाखूचा तपकिरी डाग, आणि तर्जनीवर दोऱ्याने पडलेली एक आडवी खाच. रेशन दुकानातही हीच अडचण येत असल्याने नवऱ्याला किंवा मुलीला जावं लागत होतं, हे तेव्हा समजलं. शेवटी आधार केंद्रावर डोळ्यांच्या बुबुळांवरून काम झालं.

जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत कार्ड हातात आलं. सासूबाईंनी स्वतःच्या पेटीतली एक प्लॅस्टिकची पिशवी सुनेला दिली, कार्डाला ओल लागू नये म्हणून.

काय मिळालं, काय नाही

सहा महिने भरल्यावर मुलीचा अर्ज गेला. आता ती दहावीत आहे. शिष्यवृत्तीची रक्कम मोठी नाही, पण ती आईच्या कार्डावर मिळते याचं मुलीला फार अप्रूप आहे. सून ५८ ची होईपर्यंत २२ वर्षं आहेत. विडीचा धंदा तोवर टिकेल का, हा प्रश्न ती स्वतःच विचारते, आणि तो रास्त आहे. पण दहा वर्षं टिकला तरी तिची पेन्शन पक्की.

गेलेली १७ वर्षं परत येणार नाहीत. त्यांची नोंद सासूबाईंच्या खात्यात आहे आणि तिथेच राहील.

मुलीच्या मुडपायच्या तोंडांवरून घरात अजून वाद आहे. सासूबाई म्हणतात, "हातात कला असू दे, उद्या कुठं पडेल कुणास ठाऊक." आई आता ठामपणे नको म्हणते. दहावीचं वर्ष म्हणून सध्या बंद आहे, पण सुटीत काय होईल ते मी सांगू शकत नाही. घरकामाच्या रकान्यात फरक अगदी किरकोळ: पाण्याच्या दिवशी नवरा रात्रपाळीहून आलेला असला तर पिंप भरतो. बाकी वही पूर्वीसारखीच दिसेल.

कार्ड झाल्यावर महिनाभराने सासूबाई एकट्याच केंद्रात आल्या. त्यांना विचारायचं होतं की सासूच्या कार्डावर त्यांनी वळलेली १४ वर्षं त्यांच्या सेवेत धरता येतील का. नाही, असं सांगावं लागलं; त्या कामाचा एकही कागद नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग पिशवीतून शेजारच्या दोन सुनांचे आधारकार्ड काढून टेबलावर ठेवले आणि या दोघींचे अर्ज लिहून द्या म्हणाल्या. पुढच्या सोमवारी त्याच दोघींना घेऊन ब्रँचवर गेल्या. एकीचा अर्ज घेतला गेला. दुसरीची आधारवरची जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळत नाही, आणि दाखला तेलंगणातल्या सिरसिल्ल्याच्या शाळेत आहे. तो आणायला कोण जाणार यावर तिच्या घरात बोलणं चालू आहे.